कुत्र्यांच्या रंगाची आनुवंशिकी

कुत्र्याच्या केसांत रंगद्रव्ये दोनच असतात. यूमेलॅनिन मुळात काळे. त्याचेच बदललेले प्रकार चॉकलेटी किंवा निळसर राखाडी दिसतात. फिओमेलॅनिन फिकट पिवळ्यापासून गडद तांबड्यापर्यंत. जिथे दोन्ही पोहोचत नाहीत, तिथला केस पांढरा. डोबरमनच्या भुवयांवरचे तांबूस ठिपके, पगचे काळे तोंड, बॉक्सरच्या अंगावरचे पट्टे हे सगळे या दोन द्रव्यांपैकी कोणते, कुठे आणि किती तयार झाले यावर ठरते. ते ठरवणारी जनुके कुत्र्याच्या गुणसूत्रांच्या ३९ जोड्यांवर विखुरलेली आहेत.

अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेचे संस्थापक क्लॅरन्स कुक लिटल यांनी १९५७ साली या विषयावरचा पायाभूत ग्रंथ प्रसिद्ध केला. जनुके प्रत्यक्ष दिसत नव्हती, त्या काळात त्यांनी पिल्लांचे रंग मोजून निष्कर्ष काढले. ए, बी, डी, ई अशी जनुकांची अक्षरी नावे ब्रीडर आजही वापरतात. २००५ मध्ये ताशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर एकेका अक्षरामागचे जनुक हाती येऊ लागले.

हे सगळे समजून घ्यायला लॅब्राडॉरसारखी दुसरी जात नाही. काळा, चॉकलेटी आणि पिवळा हे तिचे तिन्ही रंग मुख्यतः दोन जनुकांवर चालतात. बी जनुकाच्या आई-बापांकडून आलेल्या दोन्ही प्रती अप्रभावी, म्हणजे प्रभावी प्रतीपुढे दबून राहणाऱ्या असल्या, तर काळ्याचा चॉकलेटी होतो. ई जनुकाच्या दोन्ही प्रती अप्रभावी असल्या, तर केसांत काळे द्रव्य उतरतच नाही आणि कुत्रा पिवळा होतो. मग बी जनुक काहीही सांगो, केसांवर ते दिसत नाही. म्हणून दोन काळ्या लॅब्राडॉरांपोटी तिन्ही रंगांची पिल्ले एकाच वेतात येऊ शकतात. दोघांकडेही चॉकलेटी आणि पिवळ्याची एकेक प्रत लपलेली असेल, तर सरासरी दर १६ पिल्लांत ९ काळी, ३ चॉकलेटी, ४ पिवळी. उलट दोन पिवळ्यांना पिवळीच पिल्ले होतात. अशा वेतात काळे पिल्लू निघाले, तर बाप दुसरा असण्याचीच शक्यता जास्त. एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, हे गल्लीतल्या कुत्रीची पिल्ले पाहिलेल्या कुणालाही नवे नाही.

पिवळ्या लॅब्राडॉरचे नाक पाहावे. केसांतून काळे द्रव्य गेले तरी नाकाच्या आणि पापण्यांच्या कातडीत ते असते, त्यामुळे बी जनुक तिथे वाचता येते. नाक आणि डोळ्यांची कड काळी असेल, तर त्याच्याकडे काळ्याची निदान एक प्रत आहे. ती कड यकृताच्या रंगाची, गुलाबीसर तपकिरी असेल, तर तो आतून चॉकलेटी आहे. थंडीत काहींचे काळे नाक फिके पडते. ते वेगळे, त्याने जनुक बदलत नाही.

ई जनुक घडवते तो रंगपेशीवरचा ग्राही, म्हणजे बाहेरचा इशारा पकडणारे प्रथिन; त्याचे नाव एमसी१आर. तो चालू असला की काळे द्रव्य, बंद असला की पिवळे. ए जनुकाचे प्रथिन त्याला बंद करते. के जनुकाच्या एका रूपाचे प्रथिन त्याच ग्राहीला चिकटते आणि ए जनुकाच्या प्रथिनाला जागाच देत नाही, म्हणून कुत्रा सर्वांगी काळा होतो. २००७ मध्ये हे के जनुक सापडले तेव्हा सगळेच चकित झाले, कारण ते रोगप्रतिकाराशी संबंधित प्रथिनांच्या कुळातले निघाले. त्याच्या काळ्या रूपात डीएनएची अवघी तीन अक्षरे गळालेली असतात. २००९ मध्ये त्याहून विलक्षण गोष्ट पुढे आली: अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानासारख्या ठिकाणच्या काळ्या लांडग्यांना हा रंग पूर्वी कधीतरी कुत्र्यांशी झालेल्या संकरातून मिळाला आहे.

मर्ल या रंगाबद्दल मात्र सावधपणेच लिहायला हवे. कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, डॅशहुंड या जातींत दिसणारी ही राखाडी, फाटल्यासारखी चितकबरी झाक. रंगद्रव्याच्या कणाला सांगाडा पुरवणाऱ्या जनुकात डीएनएचा एक लहान तुकडा घुसल्याने ती येते. हे २००६ मध्ये कळले. एक प्रत असली तर कुत्रा सहसा धडधाकट असतो. दोन मर्ल कुत्रे जुळवले, तर सरासरी चौथ्या हिश्शाच्या पिल्लांना दोन्ही प्रती मिळतात. ही पिल्ले बरीचशी पांढरी असतात. त्यांतली अनेक बहिरी, काहींचे डोळे अगदी लहान किंवा आंधळे. बहिरेपणाचे कारण रंगपेशींतच आहे: आतल्या कानाला काम करायला या पेशी लागतात, आणि त्या तिथे पोहोचलेल्याच नसतात. ब्रिटनच्या केनेल क्लबने दोन मर्ल पालकांच्या पिल्लांची नोंदणी बंद केली आहे. दुर्मीळ रंग म्हणून जास्त पैसे मागून अशी जोडी लावणे हा निव्वळ क्रूरपणा आहे.

त्यात ई जनुकाचा आणखी एक पेच आहे. मर्ल फक्त काळ्या द्रव्यावर परिणाम करते. ज्याच्या केसांत काळे द्रव्यच नाही, तो पिवळा किंवा मलईरंगी कुत्रा अंगात मर्ल घेऊन हिंडत असला तरी साधाच दिसतो. गालाच्या आतून फिरवलेल्या कापसाच्या बोळ्याची डीएनए तपासणी केली, तरच तो ओळखू येतो.