महाविद्यालयीन भांगडा संघ

भांगडा हे पंजाबी लोकनृत्य रंगमंचावर सादर करणारे विद्यार्थ्यांचे संघ. युवक महोत्सव आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा हे त्यांचे मुख्य मैदान. शेतकऱ्यांचे जुने नृत्य विद्यार्थ्यांनी जपले, असे या संघांबद्दल सर्रास म्हटले जाते. खरे तर आज आपण ज्याला भांगडा म्हणतो, त्याची घडणच बऱ्याच अंशी या संघांत झाली.

फाळणीपूर्वीचा भांगडा मुख्यतः सियालकोट, गुजराँवाला, गुजरात (हा पंजाबातलाच एक जिल्हा) या भागांतला. वैशाखीच्या सुमारास गव्हाचे पीक हाती आले की गावकरी ढोलवाल्याभोवती रिंगण धरून नाचत. ठरलेला क्रम नाही, गणवेश नाही, प्रेक्षकही वेगळा नाही. ज्याला वाटेल तो रिंगणात शिरे. १९४७ मध्ये हा मुलूख पाकिस्तानात गेला आणि तिथले नाचणारे व ढोलिये निर्वासित होऊन पूर्व पंजाबात विखुरले.

नव्या भांगड्याचा जन्म झाला तो पतियाळ्याच्या परिसरात, म्हणजे जिथे हे नृत्य मुळात नाचले जात नव्हते अशा पंजाबातल्याच माळवा भागात. पतियाळा व आसपासची संस्थाने मिळून १९४८ मध्ये ‘पेप्सू’ हे राज्य बनले होते. पतियाळ्याचे महाराज यादविंद्रसिंग त्याचे राजप्रमुख. त्यांचा आश्रय, मोहिंद्र कॉलेजातले (स्थापना १८७५) हौशी विद्यार्थी, सुनामचे मनोहर दीपक व त्यांचे बंधू, आणि बाजीगर समाजातले ढोलिये भाना राम, अशी मंडळी पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला एकत्र आली. १९५४ च्या प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्यात पेप्सूचा संघ दिल्लीत नाचला आणि भांगडा देशाच्या नजरेत भरला. पुढे ‘नया दौर’ (१९५७) या चित्रपटात दीपक बंधू नाचले. महाराष्ट्रातल्या वरातीत दोन्ही हात वर करून जो ‘भांगडा’ होतो, त्याचे मूळ गावच्या रिंगणापेक्षा अशा पडद्यावरच्या नाचात शोधावे लागेल. पेप्सू राज्य मात्र १९५६ मध्येच पंजाबात विलीन झाले. त्याचा नाच त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक टिकला.

रंगमंचावर येताच रिंगण मोडले. प्रेक्षक समोर बसलेले, तेव्हा नाचणाऱ्यांची तोंडेही समोर हवीत. म्हणून ओळी आल्या, जोड्या आल्या, एकमेकांच्या खांद्यांवर उभे राहण्याच्या कसरती आल्या. तालमीतली लेझीम शाळेच्या पटांगणावर आली तेव्हा तिचेही काहीसे असेच झाले. दहाएक मिनिटे भरून काढायला एकट्या भांगड्याच्या चाली (नाचाच्या हालचाली) अपुऱ्या होत्या. मग झूमर, लुड्डी, धमाल अशा एकेकाळी स्वतंत्र असलेल्या नृत्यांतल्या चाली त्यात ओवल्या गेल्या. मधे ढोल थांबवून बोली (छोटे लोकगीत) म्हणायची आणि तिच्या शेवटच्या शब्दावर पुन्हा उसळायचे, हा साचाही रूढ झाला. चाल कधी बदलायची हे ढोलिया ठरवतो. त्याचा इशारा चुकवणारा नाचणारा कितीही चपळ असो, संघात टिकत नाही.

वेशही असाच ठरत गेला: कमरेला चादरा, वर कुर्ता व जाकीट, पगडीला पंख्यासारखा तुरा. हातात खुंडा (काठी), सप्प (उघडझाप करून वाजवायची लाकडी जाळी) किंवा काटो (दोरी ओढताच टकटक करणारी काठीवरची लाकडी खार). आज ‘पारंपरिक’ म्हणून दाखवला जाणारा हा झगझगीत एकरंगी थाट शेतात कोणी घालत नसे.

पतियाळ्याचे पंजाबी विद्यापीठ (१९६२) आणि अमृतसरचे गुरू नानक देव विद्यापीठ (१९६९) निघाल्यावर युवक महोत्सवांचे जाळे वाढले. आधी विभागीय फेरी, मग आंतरविभागीय, ही पायरी चढण्यासाठी महाविद्यालये अनुभवी उस्ताद बोलावू लागली. चांगल्या नाचणाऱ्याला फीमध्ये सवलतही मिळू लागली. मुलींचा नाच गिद्धा, मुलांचा भांगडा, ही वाटणी बराच काळ पक्की होती. पुढे मुलींचेही भांगडा संघ उभे राहिले.

परदेशात या संघांनी वेगळे वळण घेतले. वॉशिंग्टनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील दक्षिण आशियाई विद्यार्थ्यांनी १९९० च्या दशकात ‘भांगडा ब्लोआउट’ ही स्पर्धा सुरू केली. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये ‘भांगडा शोडाउन’. तिथले अनेक संघ मुलामुलींचे मिश्र असतात आणि त्यांत पंजाबीचा गंध नसलेलेही भरती होतात. नाच बहुधा संगणकावर जोडलेल्या गाण्यांच्या तुकड्यांवर चालतो. ढोलिया नाही, म्हणजे इशाराही नाही. सगळे आधीच पाठ केलेले. जाणकारांची खरी तक्रार याच जागी आहे, आणि ती रास्त आहे. त्यामुळे काही स्पर्धांनी मंचावर ढोल वाजवून व बोली गाऊन नाचणाऱ्यांसाठी स्वतंत्र गट ठेवला आहे.