कमवा व शिका

कमवा व शिका : वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या जेवणाखाणाचा व शिक्षणाचा खर्च पूर्णतः किंवा अंशतः स्वतःच्या अंगमेहनतीने भागवावा, अशी शिक्षणपद्धती. कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांनी स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या सातारा येथील वसतिगृहांत ती रुजली आणि १९४७ मध्ये तेथेच निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजमुळे तिला महाविद्यालयीन शिक्षणात स्थान मिळाले.

या पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून अमेरिकेतील टस्कीगी येथे चालविलेल्या संस्थेत विद्यार्थीच विटा भाजून इमारती उभारीत. त्या प्रयोगाशी असलेल्या साम्यावरून काही जण साताऱ्याच्या पद्धतीचे मूळ तेथे पाहतात. दुसरे मत महात्मा गांधींच्या श्रमविचाराकडे बोट दाखविते. गांधींच्या हस्ते २५ फेब्रुवारी १९२७ रोजी साताऱ्याच्या वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले, ही गोष्ट त्याच्या पुष्ट्यर्थ सांगितली जाते. परंतु हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याची गांधींची नई तालीम योजना १९३७ ची आहे आणि तोवर साताऱ्याचे वसतिगृह दशकाहून अधिक काळ चालू होते. कालक्रम लक्षात घेता महात्मा फुले यांची सत्यशोधक चळवळ व कोल्हापूरची वसतिगृहे यांच्याशी संबंध जोडणारे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. भाऊराव विद्यार्थिदशेत कोल्हापुरातच होते आणि राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांना दिलेले उत्तेजन त्यांनी जवळून पाहिले होते. हल्ली सांगली जिल्ह्यात असलेल्या दुधगाव येथे सुमारे १९१० मध्ये निघालेल्या विद्यार्थी आश्रमाशी त्यांचा संबंध होता. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली व १९२४ मध्ये तिचे कार्य साताऱ्यास आले. मात्र कोल्हापूरची बहुतेक वसतिगृहे जातवार होती, तर साताऱ्यात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र स्वयंपाक करीत व एकाच पंगतीस बसत. हा फरक मूलभूत आहे आणि केवळ उगमाच्या चर्चेत तो झाकोळला जाऊ नये.

श्रमाची सक्ती केवळ पैशाच्या अडचणीतून आली, असे मानणे अपुरे ठरेल. शहरात शिकणारा गरीब ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी (घरोघरी शिजवलेल्या अन्नाची भिक्षा) मागून किंवा वार लावून (आठवड्याच्या एकेका वारी ठरलेल्या घरी) जेवत असे, आणि समाजात त्यास प्रतिष्ठा होती. कुणब्याच्या वा अस्पृश्य मानलेल्या घरातील मुलास ती दारे उघडी नव्हती. त्याला दानावर न ठेवता स्वतःच्या कमाईवर उभे करावे, हा या पद्धतीचा गाभा होय, आणि ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ या संस्थेच्या वचनाचा अर्थही त्याच संदर्भात घ्यावयास हवा. भाऊरावांच्या पत्नी, १९३० मध्ये निधन पावलेल्या लक्ष्मीबाई पाटील यांनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले; स्वावलंबनाच्या या इतिहासात त्यांचे नाव भाऊरावांच्या बरोबरीने घेतले पाहिजे.

साताऱ्याच्या महाराजा सयाजीराव हायस्कूलमध्ये (१९४०) ही पद्धती शालेय शिक्षणास जोडली गेली. शिवाजी कॉलेजातील विद्यार्थी शेतीची व बांधकामाची कामे करून पदवीचा अभ्यास करीत. त्या काळी हातात कुदळ घेणे व पुस्तक घेणे ही दोन वेगळ्या समाजांची कामे समजली जात; कॉलेजच्या विद्यार्थ्याने दोन्ही करावी, हा सांस्कृतिक आदर्श त्यामुळेच नवा होता. कराडचे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज (१९५४) याच परंपरेतले. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालयही रयत शिक्षण संस्थेप्रमाणे १९१९ चेच. परंतु ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे असून त्याची घडण पुण्याच्या उच्चशिक्षणपरंपरेतून झाली.

शिवाजी विद्यापीठ (१९६२) स्थापन झाल्यावर कोल्हापूर येथेही कमवा व शिका योजना सुरू झाली. पुणे विद्यापीठातील याच नावाच्या योजनेस भाऊरावांचे नाव दिलेले असून तीत कामाच्या तासांनुसार मोबदला मिळतो. निवास, भोजन आणि श्रम यांची साताऱ्यातील एकत्र बांधणी तीत अभिप्रेत नाही.