किडनीवरच्या गाठीचं छप्पर

“तसलं काय न्हाई न्हवं?” सोनोग्राफीचा रिपोर्ट माझ्या हातात देताना मामांनी एवढंच विचारलं. कॅन्सर हा शब्द आमच्या घरात कुणी तोंडातून काढत नाही. मामा कोल्हापुरात शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर तोलाईला असतात. रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, उचलताना डाव्या कुशीत ओढल्यासारखं दुखायचं म्हणून त्यांनी तपासणी केली, तर डाव्या किडनीवर ९ सेंटिमीटरची पाण्याची गाठ निघाली.

तसलं काही नव्हतं. वय वाढतं तशा किडनीवर पाण्याच्या साध्या गाठी येतात. पन्नाशीनंतर तर त्या सर्रास सापडतात, आणि बहुतेकांना जन्मभर त्यांचा पत्ताही लागत नाही. दुखत नसेल, लघवीची वाट अडत नसेल, तर अशा गाठीला हात लावू नये. (दोन्ही किडन्या गाठींनी भरून जाण्याचा आनुवंशिक आजार मात्र वेगळा. त्याची गल्लत इथे करू नका.)

गाठ साधी आहे हे ठरतं ते तिच्या भिंतीवरून. सोनोग्राफीच्या पडद्यावर साधी गाठ काळीभोर दिसते, कारण निव्वळ पाण्यातून ध्वनिलहरी परत फिरत नाहीत. तिच्या मागचा भाग उलट उजळ दिसतो, कारण पाण्यातून जाताना लहरींची ताकद फारशी खर्ची पडत नाही. भिंत पातळ आणि गुळगुळीत असते. तीच जाड, खडबडीत असली किंवा आत पडदे दिसले, तर शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन करतात. भिंतीत रक्तपुरवठा आहे का, हे त्यात कळतं. न्यूयॉर्कचे रेडिओलॉजिस्ट मॉर्टन बॉस्नियाक यांनी १९८६ साली यावरून गाठींच्या प्रती लावल्या. पहिल्या दोन प्रती निर्धोक. तिसरीत कॅन्सरची शक्यता निम्म्याच्या आसपास, चौथीत त्याहून बरीच जास्त. या शेवटच्या दोन प्रतींना पुढे सांगितलेला उपाय चालत नाही.

मामांची गाठ पहिल्या प्रतीची, पण मोठी. ३ सेंटिमीटरच्या गोल गाठीत जेमतेम १४ मिलिलिटर पाणी मावतं. व्यास तिप्पट झाला की पाणी सत्तावीसपट होतं, म्हणजे ९ सेंटिमीटरला जवळजवळ ३८० मिलिलिटर. एवढा फुगा ११-१२ सेंटिमीटर लांबीच्या किडनीला चिकटलेला, मग कुशीत ओढ लागणारच.

आधी सुईने पाणी काढलं. महिनाभर मामा खूश होते, आणि आठ महिन्यांत गाठ होती तेवढी झाली. विहीर उपसली तरी झरा जिवंत असतो, तसंच हे. गाठीच्या आतलं अस्तरच पाणी सोडत असतं. म्हणून पाणी काढल्यावर काही वेळ आत अल्कोहोल भरून ते अस्तर मारतात. लहान गाठीला तेवढं पुष्कळदा पुरतं. मोठी गाठ पुन्हा भरली, की दुर्बिणीतून तिचं छप्परच, म्हणजे किडनीबाहेर फुगलेली भिंत, कापून काढायचं.

किडनी पोटाच्या पडद्यामागे, पाठीच्या स्नायूंना टेकून असते. पाठीकडून जावं तर तिथे दुर्बीण फिरवायला मोकळी जागाच नाही. ती जागा करायची युक्ती मुंबईच्या डॉ. डी. डी. गौर यांनी १९९२ मध्ये जगाला दाखवली. सर्जनच्या हातमोज्याचं बोट रबरी नळीला बांधायचं, छोट्या छेदातून आत सरकवायचं आणि बीपी मोजायच्या पंपाने फुगवायचं. चरबी बाजूला सरते, पोकळी तयार होते. हे वाचलं त्या दिवशी मला आपल्या माणसाचा फार अभिमान वाटला.

मामांच्या ऑपरेशनचं रेकॉर्डिंग सर्जननी आम्हाला दाखवलं. कुशीत तीन छेद, सर्वांत मोठा बोट जाईल एवढा. पिवळ्या चरबीतून निळसर घुमट वर आला. त्याला टोचताच गवती रंगाचं पाणी आलं आणि घुमट सुरकुतून खाली बसला. मग कात्रीने भिंत गोल कापत नेली, किडनीच्या मांसाला धक्का न लावता, काही मिलिमीटरची कड सोडून. कड डागली. तळाला मात्र हात लावला नाही. त्याच्या पलीकडेच लघवीच्या नळ्या असू शकतात, त्या फुटल्या तर लघवी आत झिरपत राहते. शेवटी खळग्यात थोडी चरबी बसवली, म्हणजे कडा पुन्हा जुळणार नाहीत. तळाचं अस्तर पुढेही थोडं पाणी सोडेल, पण आता ते साठणार नाही, आजूबाजूच्या उती ते शोषून घेतील.

तिसऱ्या दिवशी मामा घरी आले. कापलेली भिंत पॅथॉलॉजीला गेली होती. तिचा रिपोर्ट येईपर्यंत मामांनी दुखण्याचं नाव काढलं नाही, पण झोपलेही नाहीत. साधीच गाठ आहे असं मी वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी कागद हातात घेऊन पहिल्यांदा विचारलं, “मग रवं कवापास्नं उचलू?”