नावातली नीळ, नावातला जमालगोटा

पाऊस दोन दिवस उघडला की परभणीच्या मोंढ्यात कृषी सेवा केंद्रांपुढं गर्दी होते. "शेठ, ते क्लोरँ... क्लोरँट्रा... मागच्या साली नेलतं ते अळीचं द्या." असं मी कितीदा तरी ऐकलं आहे. यात जिभेचा दोष नाही. नाव कुठं तोडायचं, हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

क्लोरँट्रानिलिप्रोल. उच्चारानं तोडलं तर क्लो-रँट्-रा-नि-लि-प्रोल. इंग्रजीत मुख्य जोर 'नि'वर येतो आणि शेजारची अक्षरं दबतात. आपण मराठीत प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा वेळ देतो, म्हणून हेच नाव आपल्याला जास्त लांब वाटतं. आता अर्थानं तोडा: क्लोर-अँट्रानिलि-प्रोल. 'क्लोर' म्हणजे क्लोरीन. 'प्रोल' ही पायराझोल नावाच्या, अणूंच्या वलयाची खूण. मधला तुकडा अँथ्रानिलिक आम्लाचा. हे आम्ल 19व्या शतकात निळीपासून मिळालं. 'अँथ्रा' म्हणजे ग्रीकमध्ये कोळसा, आणि 'अनिल' म्हणजे नीळ; हे नाव आपल्या संस्कृत 'नील'वरून अरबी, पोर्तुगीज अशी वाट चालत युरोपात गेलं. 'रँट्' असं तोडलं की ही नीळ दिसेनाशी होते, कारण क्लोरचा 'र' पुढच्या 'अँ'ला चिकटतो.

मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाला सगळे नुसतं 'मोनो' म्हणतात. मोनो म्हणजे एक: त्याच्या नायट्रोजनवर एकच मिथाईल गट असतो. दोन असले तर ते डायक्रोटोफॉस. 'क्रोटो' आलं क्रोटोनिक आम्लावरून. ते जमालगोट्याच्या तेलातून निघतं अशी पूर्वी समजूत होती. समजूत चुकीची ठरली, नाव मात्र राहिलं.

शेवटचं 'फॉस' सगळ्यात महत्त्वाचं. ते फॉस्फरसचं. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही सगळी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं. फवारताना यांची बाधा झाली तर डॉक्टर अ‍ॅट्रोपिन देतात. क्लोरँट्रानिलिप्रोलवर तो उतारा चालत नाही. कंपन्यांनी डब्यावर दिलेली नावं मात्र शंभर तऱ्हेची, त्यांवरून गट कळत नाही. म्हणून रोग्याबरोबर डबाही दवाखान्यात न्यावा. डबा शेतातच राहिला असेल, तर तिथं असलेल्याला फोन करून लेबलावरचं रासायनिक नाव तुकड्या-तुकड्यानं वाचायला सांगावं, आणि 'फॉस' आहे का ते आधी विचारावं.