मखमल घेताना लव कुठे कललीय ते बघा

भाचीच्या लग्नासाठी मी वाइन रंगाचा मखमली ब्लाउज शिवून घेतला. घालून आरशासमोर उभी राहिले, तर उजवी बाही बाकीच्या ब्लाउजपेक्षा चांगलीच फिकट. "ताई, एकाच तुकड्यातलं कापड आहे," शिंपीदादा म्हणाले, आणि ते खरंच होतं. उजव्या बाहीवरून वरून खाली हात फिरवला तर तो सुळकन सरकला, डावीवर अडखळला. एक बाही उलटी कापली गेली होती, एवढंच.

मखमल बहुतेकदा जोडीने विणतात. वर एक कापड, खाली एक आणि दोघांना जोडणारे ताण्याचे, म्हणजे कापडाच्या लांबीने जाणारे, जादा धागे. विणतानाच मधून पातं फिरतं, जोडधागे कापले जातात आणि दोन मखमली सुट्या होतात. त्या कापलेल्या धाग्यांची टोकं म्हणजे लव. ती अगदी ताठ उभी राहत नाही, एका बाजूला किंचित कलते. सगळी गंमत त्या कलण्यात आहे.

साध्या सुती कापडावर पडलेला उजेड बराचसा वरच्या वरच परततो. मखमलीत तो लवेच्या दाटीत शिरतो, एका तंतूवरून दुसऱ्यावर आपटत खाली जातो आणि प्रत्येक धडकेत थोडा शोषला जातो. वाइन रंगाच्या लवेत हिरवा-निळा भाग झपाट्याने संपतो, बाहेर येतो तो मोजका लाल. म्हणून तोच रंग पॉपलीनवर साधा वाटतो आणि मखमलीवर दाट. न्यू गिनीकडच्या काही बर्ड ऑफ पॅराडाइज पक्ष्यांच्या काळ्या पिसांत हीच युक्ती टोकाला गेली आहे. (आपल्याकडचा स्वर्गीय नर्तक हा पक्षी वेगळा.) समोरून पडलेला ९९.९५ टक्क्यांपर्यंत उजेड ही पिसं गिळतात, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं.

लवेची टोकं आपल्याकडे असली की नजर थेट त्या दाटीत उतरते आणि रंग गडद दिसतो. तंतूंच्या कुशी दिसल्या की त्यांच्यावरून उजेड परततो आणि रंग उजळतो. अंगावरच्या कपड्यात लव वर जाणारी असेल तर रंग खोल, खाली जाणारी असेल तर चकाकी जास्त. मला विचाराल तर लग्नाच्या ब्लाउजला वर जाणारीच हवी. रोज वापरायचं जाकीट असेल तर खाली जाणारी, कारण ती घासली तरी कमी विस्कटते.

आता अंगावर काय शोभेल ते. साटीन गोलाईच्या फुगीर भागावर चमकतं. पोट पुढे असेल तर झळाळी नेमकी तिथेच. मखमलीचं बरोबर उलटं. आपल्या समोर आलेला भाग काळोखतो आणि कडा उजळतात, कारण कडेला आपण लवेकडे तिरपं बघत असतो. त्यामुळे मखमलीत मधले बारीक चढउतार विरतात आणि बाह्यरेषा ठळक होते. खांदा नीट बसलेला हवा, कमरेची रेघ स्वच्छ हवी. पण ताणली जाणारी पातळ मखमल अंगाला घट्ट चिकटली, तर प्रत्येक वळीला स्वतःची उजळ कड मिळते आणि जे लपवायचं तेच रेखलं जातं. अर्ध्या-पाऊण इंचाची सैल जागा ठेवली की हा प्रश्न उरत नाही. चुण्या कमी घ्या. लवेची जाडी घडीगणिक वाढते. क्रश्ड मखमलीत लव मुद्दाम वेगवेगळ्या दिशांना दाबलेली असते, त्यामुळे गडद-उजळ पट्टे अंगभर पसरतात आणि बाह्यरेषेचा फायदा हातचा जातो.

गळ्याजवळची गडद मखमल चेहऱ्याकडे फारसा उजेड परत पाठवत नाही. सराफाच्या पेटीतलं मखमली अस्तर याच कारणाने सोनं उठवतं, आणि वाइन किंवा गर्द हिरव्या गळ्यावर ठुशीही तशीच उठते. चेहऱ्याला मात्र थोडा उजेड लागतो. म्हणून गळा बंद ठेवण्यापेक्षा जरा खोल घ्यावा, म्हणजे त्वचेवरचा उजेड वर हनुवटीकडे जातो.

दुकानात कापड लव बाहेर राहील असं बोटावर वाकवून बघा. लव फाकून खालची वीण उघडी पडली तर ती विरळ आहे, लवकर टक्कल दिसेल. मग कापड दारापाशी, दिवसाच्या उजेडात न्या, अंगासमोर धरा आणि वरचं टोक खाली करून पुन्हा बघा. दोन रंग दिसतील. आवडेल त्या बाजूला मागच्या अंगाने खडूने बाण काढा आणि पाव मीटर कापड जास्त घ्या, कारण सगळे तुकडे एकाच दिशेने कापायचे तर उलटसुलट बसवून कापड वाचवता येत नाही.

माझ्याकडे तेवढं कापड नशिबाने उरलं होतं. शिंपीदादांनी त्यातून नवी बाही काढली, या वेळी आधी हात फिरवून. नंतर तिच्यावर इस्त्री न टेकवता मागून नुसती वाफ दिली, आणि दोन्ही बाह्या खिडकीपाशी शेजारी धरून मला दाखवल्या.