आरशामागचा ओघळता पारा

“काच हा मुळात द्रवच आहे, म्हणून जुने आरसे खालून खराब होतात.” मोबाइलवर हे वाक्य अधूनमधून फिरत येतं आणि शिकलेली माणसंही ते पुढे पाठवतात. नेहमीच्या तापमानाला काच ओघळत नाही. विश्वाच्या वयाइतका काळ थांबलं, तरी डोळ्यांना दिसेल एवढा फरक पडणार नाही. पण अठराव्या शतकातल्या इंग्लिश रोकोको (वळणदार, नाजूक कोरीवकामाच्या शैलीच्या) आरशांत काहीतरी खरंच खाली झिरपत असतं, आणि ते काचेच्या मागे.

इंग्लिश फर्निचर-कारागीर थॉमस चिपेंडेलच्या १७५४ च्या नमुना-पुस्तकात अशा आरशांच्या चौकटी दिसतात: वेली, शिंपले, लांब चोचीचे पक्षी. कोरलेल्या लाकडावर खडू आणि सरसाचे थर, त्यावर रंगीत चिकणमाती, मग सोन्याचा वर्ख. बघणारा या सोन्यातच अडकतो. मला मात्र ओढ मागच्या राखाडी थराची.

हा थर चांदीचा नाही. सपाट मेजावर कथलाचा पातळ पत्रा पसरायचा, त्यावर पारा ओतायचा, वरून काच अलगद सरकवायची आणि वजनं ठेवायची. जादा पारा निथळायला दिवसच्या दिवस लागत. तरी सगळा पारा जात नसे. जे उरतं ते ओल्या वाळूसारखं असतं: कथील-पाऱ्याचे घन स्फटिक आणि त्यांच्या फटींत द्रवरूप पारा. स्फटिकात दहा अणूंमागे साधारण एक पाऱ्याचा, बाकी कथील. फटींतल्या पाऱ्यात उलट, विरघळलेलं कथील अगदी नाममात्र. हा द्रव वर्षानुवर्षं गुरुत्वाने खाली सरकतो, थोडा वाफ होऊन उडतो. वरचे स्फटिक कोरडे पडतात, काचेपासून सुटतात, आणि उघड्या कथलाचं ऑक्साइड होतं. तेच ते करडे, चमचमणारे ठिपके. डागाळलेला आरसा अशुभ म्हणून घराबाहेर काढणारे आजही भेटतात. त्या डागाचा ग्रहांशी काही संबंध नाही, संबंध आहे तो ऑक्सिजनशी.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने १८३५ मध्ये काचेवर चांदी बसवणारी रासायनिक क्रिया नोंदवली आणि पुढच्या काही दशकांत पारा मागे पडला. चांदीचे आरसे जुने झाले की डाग तपकिरी-काळे पडतात. म्हणून “अठराव्या शतकातली मूळ काच” असं सांगणाऱ्या विक्रेत्यासमोर आधी डागाचा रंग पाहावा.

असा आरसा हलवायचा असेल तर उभाच हलवावा, उलटा कधीच करू नये. खालच्या कडेला साचलेला पारा परत वर पसरतो आणि शाबूत राहिलेला थरही विरघळवतो.