सौंदत्तीची यल्लम्मा

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या सौंदत्ती तालुक्यातील प्रसिद्ध देवीस्थान. सौंदत्ती गावापासून सुमारे पाच किमी.वर, मलप्रभा नदीच्या खोऱ्यातील डोंगरावर ते वसले आहे. कणकुंबीजवळ उगम पावलेली मलप्रभा या भागात डोंगररांग भेदून नविलुतीर्थाच्या घळीतून जाते. तेथे १९७० च्या दशकात पुऱ्या झालेल्या धरणाच्या जलाशयाला देवीवरूनच रेणुकासागर हे नाव मिळाले. बेळगाव, खानापूर, निपाणी, गडहिंग्लज व कोल्हापूर भागातील मराठी भाविक देवीला यल्लूबाई, यल्लव्वा किंवा नुसते ‘डोंगरावरची आई’ म्हणतात.

देवस्थानाच्या काळाविषयी एकमत नाही. सध्याचे मंदिर रायबागच्या बोमप्पा नायकाने १५१४ मध्ये बांधले, असे परंपरा सांगते. परिसरातील जुने अवशेष पाहून काहींनी मूळ स्थान राष्ट्रकूट–चालुक्य काळापर्यंत मागे नेले आहे. सौंदत्ती, प्राचीन सुगंधवर्ती, ही रट्ट या मध्ययुगीन राजघराण्याची राजधानी होती. पुराभिलेखांचे अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी प्रसिद्ध केलेल्या रट्टांच्या कोरीव लेखांतून जैन व शैव देवालयांच्या दानांची माहिती मिळते. पण राजधानी जुनी म्हणून डोंगरावरचे मंदिरही तितकेच जुने, हा तर्क धाडसाचा आहे. वास्तू सोळाव्या शतकाच्या आसपासची आणि उपासना तिच्याहून बरीच जुनी, असे मानणे अधिक सुरक्षित. देवीच्या स्वरूपाबद्दलही दोन मते आहेत. पुराणपरंपरेत ती जमदग्नीची पत्नी व परशुरामाची माता रेणुका. पतीच्या आज्ञेवरून मुलाने तिचा शिरच्छेद केला ही कथा महाभारताच्या वनपर्वात आहे. लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या ग्रंथात रेणुका–यल्लम्मा ही मुळात भूमिरूप मातृदेवता असल्याचे मांडले आणि शिरच्छेदाच्या कथेचा संबंध मस्तकहीन मातृमूर्तींशी जोडला. मातंगी या लोकदेवतेला येथे मिळणारा मान पाहता हे मत पटण्यासारखे आहे.

यात्रेचे वर्ष पौर्णिमांवर चालते. मार्गशीर्षातली रांडाव पुनव जमदग्नीच्या मृत्यूची मानतात. त्या वेळी जोगतिणी, म्हणजे देवीला वाहिलेल्या स्त्रिया, बांगड्या फोडतात. माघातल्या भरत पुनवेला त्या पुन्हा बांगड्या भरतात, म्हणून तिला अहेव पुनवही म्हणतात. कोल्हापूरकडील मोठी गर्दी मार्गशीर्षात होते.

दर्शनाआधी जोगुळभावी येथे आंघोळ करून सत्यव्वा या देवीचे दर्शन घेतात, मग डोंगर चढतात. वर एण्णेहोंड या कुंडाचे व इतर कुंडांचे तीर्थ घेऊन मुख्य मंदिर, आणि त्यानंतर परशुराम, मातंगी, मल्लिकार्जुन इ. परिवारदेवता असा क्रम असतो. सर्वत्र भंडारा उधळला जातो. तेल, पाणी व भंडारा यांचा चिखल होऊन पायऱ्या निसरड्या होतात. डोक्यावर ‘जग’ (देवीची सजवलेली पाटी) घेतलेल्याला याचाच धोका सर्वांत मोठा.

जग म्हणजे देवीचे चालते ठाणे. पाटीत कलश, त्यावर मुखवटा, भोवती चुण्या घालून नेसवलेले लुगडे, कवड्यांच्या माळा व मोरपिसे अशी त्याची रचना असते. डोके व पाटी यांमध्ये कापडाची घट्ट पिळलेली चुंबळ ठेवतात. जड वस्तू तळाशी व मध्यावर आल्या नाहीत, तर जग एका अंगाला ओढतो. चुंबळ सैल असेल, तर पहिल्याच गिरकीत तो सरकतो. डोंगरावरच्या वाऱ्यात मोरपिसे शिडासारखी काम करतात, म्हणून जाणते लोक ती फार उंच खोचत नाहीत. नाचताना मान स्थिर ठेवून गुडघे व कंबर हलवायची असते. हात न लावता बसणे, उठणे, जमिनीवरची नोट तोंडाने उचलणे ही कसरत त्यानंतरची.

देवीची गाणी गाणाऱ्या मेळ्याचा प्राण म्हणजे चौंडके हे वाद्य. पोकळ लाकडी नळकांड्याचे एक तोंड कातड्याने मढवतात, दुसरे उघडे ठेवतात. कातड्याच्या मध्यातून ओवलेली तात उघड्या तोंडातून बाहेर काढून ताणतात. गाठ कातडे फाडून निसटू नये म्हणून तिच्याखाली लहान चकती घालतात. ती विसरली की कातडे मधोमध चिरते. वाद्य डाव्या काखेत दाबून उजव्या हातातील नखीने तात छेडतात. ताण कमीजास्त केला की स्वर वरखाली घसरतो. हा घुमारा हीच चौंडक्याची ओळख. तुणतुण्याची तार मात्र एकाच स्वरात बोलते, म्हणून आधी तुणतुणे लावून घेतात. दमट हवेत कातडे ढिले पडून चौंडके ‘बसते’; तेव्हा ते शेकोटीजवळ धरून तापवतात. फार जवळ धरल्यास कातडे कडक होऊन तडकते.

गायन नमनाने सुरू होते. पुढे कामधेनू, सहस्रार्जुन, परशुराम अशी रेणुकेची कथा येते. मुख्य गायकाची ओळ झीलकरी, म्हणजे मागून साथ करणारे, झांजेवर उचलतात. सीमाभागातले मेळे मराठी पदांच्या मधेच कानडी कडवे सहज घेतात. ‘उदं गं आई उदं’ हा गजर दोन्ही भाषांत चालतो.

ही कला जोगती, जोगतिणी व जोगप्पा (स्त्रीवेष घेणारे देवीचे भक्त) यांच्याकडे परंपरेने आली. मंगळवारी व शुक्रवारी परडी घेऊन निदान पाच घरी जोगवा मागणे हा त्यांचा नेम. गळ्यात मोती बांधून मुलींना देवीला सोडण्याच्या प्रथेवर १९३४ च्या मुंबई कायद्याने व पुढे कर्नाटकाच्या १९८२ च्या कायद्याने बंदी घातली. जोगवा, जग व चौंडके हे समर्पणापासून वेगळे काढता येतात. तसे ते काढले पाहिजेत हे आता बहुतेक मेळ्यांनाही मान्य आहे. जोगती नृत्यासाठी मंजम्मा जोगती यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

डोंगरावरून जग परतल्यावर कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुका मंदिरात आंबील यात्रा भरते. नैवेद्याला आंबील, घुगऱ्या, वडी-भाकरी, मेथीची भाजी, गाजर व कांद्याची पात असते.